‘रन’चे ६४५ अर्थ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी आयुष्यभर या भागातल्या मुलांना इंग्रजी शिकवले. म्हणून आज मी एकच इंग्रजी शब्द घेऊन आपल्यासमोर आलो आहे. रोमन लिपीत तीन अक्षरांचा, पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या काही पानांत भेटणारा आणि क्रिकेटमुळे इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी असलेला हा शब्द म्हणजे ‘रन’. त्याचा अर्थ लहान मूलही सांगेल, धावणे. २०११ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने या शब्दाची सुधारलेली नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ वेगवेगळे मांडलेले होते. नाम म्हणून होणारे अर्थ त्यात धरलेले नाहीत. पीटर गिलिव्हर या कोशकाराला ही एक नोंद तयार करायला नऊ महिने लागले.

त्याआधी हा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता. १९८९ साली या कोशाची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली. तिच्यात ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ होते आणि त्यांच्या विवरणाला सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले होते. पुढे २००० पासून कोशाची सुधारणा सुरू झाली. आधी ‘मेक’, मग ‘पुट’ आणि शेवटी ‘रन’ असे एकेक शब्द ‘सेट’ला मागे टाकत गेले. त्यावरून असेही लिहिले गेले की जुने इंग्लंड स्थिर होते म्हणून त्याचा शब्द ‘सेट’, आणि आजचे जग धावते म्हणून आजचा शब्द ‘रन’. ऐकायला हे आकर्षक आहे, पण मला ते पटत नाही. ‘सेट’ची नोंद जुन्या आवृत्तीतून आलेली होती आणि ‘रन’ची नव्या पुराव्यानिशी पुन्हा लिहिलेली. नव्याने तपासलेल्या नोंदीत अर्थ वाढणारच. तेव्हा या दोन आकड्यांची शर्यत लावण्यात हशील नाही. ६४५ या आकड्याच्या पोटात काय आहे, ते पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी हा कोश कसा तयार होतो ते थोडे सांगावे लागेल.

नोव्हेंबर १८५७मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड ट्रेंच या धर्मगुरूने इंग्रजी कोशांतल्या उणिवांवर निबंध वाचला. त्याचे मुख्य म्हणणे असे होते की कोशकार हा भाषेचा इतिहासकार असतो, शब्दांचे बरेवाईट ठरवणारा परीक्षक नसतो. भाषेत जे आले ते सगळे त्याने नोंदवले पाहिजे. या विचारातून नव्या कोशाचा संकल्प झाला. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज याने चिठ्ठ्या ठेवण्यासाठी ५४ खण करून घेतले, पण १८६१ साली वयाच्या तिसाव्या वर्षीच तो गेला. काम रेंगाळत राहिले. १८७९ साली ते जेम्स मरे याच्याकडे आले. मरे स्कॉटलंडमधल्या एका शिंप्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली होती, पुढचे सारे त्याने स्वतःच्या बळावर शिकून घेतले होते आणि तेव्हा तो लंडनजवळ मिल हिलच्या शाळेत शिकवत होता. त्याने अंगणात पत्र्याची एक खोली उभारली, तिला ‘स्क्रिप्टोरियम’ असे नाव दिले आणि तिच्यात १,०२९ खण बसवून घेतले.

मग त्याने वाचकांना आवाहन केले. पुस्तके वाचा. एखादा शब्द लक्षात राहावा असा आला, तर ते वाक्य जसेच्या तसे कागदाच्या तुकड्यावर उतरवा, लेखक, पुस्तक, साल आणि पान लिहा आणि माझ्याकडे पाठवा. लोकांनी पाठवले. शिक्षकांनी पाठवले, पाद्र्यांनी पाठवले, घरी बसून वाचणाऱ्या स्त्रियांनी पाठवले. एडिथ आणि एलिझाबेथ थॉम्पसन या दोन बहिणींनी पहिल्या खंडासाठी १५,००० अवतरणे धाडली. मरेच्या अकरा मुलांनीही खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या अक्षरवारीने लावल्या. १९१५ साली मरे वारला, तेव्हा कोश अजून अपुरा होता. तो १९२८ साली पूर्ण झाला. त्यात ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ अवतरणे होती. ‘रन’ ज्या अक्षरात येतो ते अक्षर विल्यम क्रेगी या संपादकाच्या वाट्याला आले होते.

या कोशात ‘अर्थ’ म्हणजे काय हे आता सांगता येईल. संपादकापुढे एका शब्दाच्या चिठ्ठ्यांचा ढीग असतो. सारख्या वापराच्या चिठ्ठ्या तो एकत्र ठेवतो. एखादी चिठ्ठी कुठल्याच गठ्ठ्यात बसेना की तिच्यासाठी नवा गठ्ठा लागतो. असा प्रत्येक गठ्ठा म्हणजे एक अर्थ, आणि त्याच्या तळाशी असते ती सगळ्यांत जुनी साक्ष. पुढे कागदाची जागा संगणकाने घेतली, तरी पद्धत हीच राहिली. त्यामुळे ६४५ हा आकडा निसर्गात सापडलेला नाही. दुसऱ्या संपादकाने तोच ढीग लावला असता तर गठ्ठे कदाचित कमी झाले असते. शिवाय या ६४५मध्ये कित्येक अर्थ आज कोणी वापरत नाही असे आहेत, आणि पुढे एखादा लहान शब्द जोडून होणारे वाक्प्रयोगही बरेच आहेत. विद्यार्थ्यांच्या कोशात याच शब्दाचे अर्थ यापेक्षा कितीतरी कमी असतात. आकड्याने दिपून जाऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले. दिपून जावे ते त्या साक्षींमुळे.

आता शब्दाकडे वळू.

जुन्या इंग्रजीत इथे एक नव्हे, दोन क्रियापदे होती. एक अकर्मक, धावणे किंवा वाहणे या अर्थाचे. दुसरे त्याचेच प्रयोजक, म्हणजे धावायला लावणे. घोडा पळवणे हा त्याचा एक ठळक उपयोग. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे या जोड्यांत जसा स्वर बदलून कर्ता बदलतो, तशीच ही जोडी होती. जर्मन भाषेत ‘रिनन’ म्हणजे वाहणे आणि ‘रेनन’ म्हणजे धावणे अशी दोन्ही रूपे आजही वेगळी उभी आहेत. इंग्रजीत मात्र ती हळूहळू एकमेकांत मिसळली आणि दोघांचा संसार एकाच शब्दाच्या घरात सुरू झाला. म्हणून इंग्रजीत माणूस ‘रन’ करतो आणि माणूस कारखानाही ‘रन’ करतो. पहिल्यात तो स्वतः धावतो, दुसऱ्यात तो दुसऱ्याला धावते ठेवतो.

गंमत अशी की आधीचा मानकरी ‘सेट’ हाही प्रयोजकच आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. हे कळले की ‘सेट’चे पुष्कळसे अर्थ आपल्याला घरचे वाटू लागतात. मोडलेले हाड इंग्रज ‘सेट’ करतो, आपण बसवतो. अंगठीत खडा तो ‘सेट’ करतो, आपणही बसवतोच. एकमेकांपासून हजारो कोस दूर वाढलेल्या दोन भाषांनी बसवणे या एकाच कृतीतून वैद्याचे आणि सोनाराचे काम दाखवावे, हे मला फार मोलाचे वाटते. ज्या क्रियापदात करणे आणि करवणे दोन्ही सामावतात, त्याला अर्थांचे धुमारे जास्त फुटतात, असे या दोन शब्दांकडे पाहून मला वाटते. हा माझा तर्क आहे. तो सगळ्या शब्दांना लागू पडेल असा माझा दावा नाही.

‘रन’ फार जुन्या काळापासून पाण्याशी बांधलेला आहे. नदी धावते, नळ धावतो, नाक धावते, कपड्याचा रंग धावतो. या सगळ्याला इंग्रजीत हेच क्रियापद. मराठीत नदी वाहते, नाक गळते, रंग उतरतो. पाणी पुढे जाता जाता अमेरिकेच्या काही भागांत खुद्द ओढ्यालाच ‘रन’ म्हणू लागले. व्हर्जिनियातल्या अशाच एका ओढ्याचे नाव ‘बुल रन’. तिथे २१ जुलै १८६१ रोजी अमेरिकी यादवीतली पहिली मोठी लढाई झाली. नाव वाचून बैल उधळल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते, पण त्याचा धावण्याशी संबंध इतकाच की तिथून पाणी धावते.

समुद्रावर या शब्दाने वेगळे वळण घेतले. शिडाच्या जहाजावर दोन प्रकारचे दोर असतात. डोलकाठी जागेवर घट्ट धरणारे आणि शीड चढवताना-उतरवताना कप्पीतून सरकणारे. इंग्रज खलाशी पहिल्यांना उभे दोर म्हणतो आणि दुसऱ्यांना धावते. इथे पाय नाहीत आणि वेगही बेताचा आहे. अडथळ्याशिवाय सरकत राहणे एवढाच गुण शब्दात उरला. माझ्या मते ‘रन’च्या पुढच्या सगळ्या प्रवासाची किल्ली इथे आहे. यंत्र धावते याचा अर्थ ते न अडता फिरत राहते. नाटक धावते याचा अर्थ प्रयोगांमागून प्रयोग लागतात. लंडनमध्ये ‘द माउसट्रॅप’ हे नाटक नोव्हेंबर १९५२ पासून असे धावते आहे आणि २०२०च्या साथीनेच त्यात मोठा खंड पाडला. आणि १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी बेसिक ही संगणकभाषा तयार केली, तेव्हा लिहिलेला कार्यक्रम सुरू करण्याचा हुकूम म्हणून त्यांनी हेच तीन अक्षरी क्रियापद घेतले. आज पुण्यातल्या हिंजवडीत बसलेली मराठी मुलगी शेजारच्या टेबलावरच्या मुलाला सांगते, “एकदा रन करून बघ ना.” खलाशाच्या दोरापासून तिच्या पडद्यापर्यंत एकच धागा आला आहे.

धावण्याचा सर्वांत दूरचा प्रवास मला क्रिकेटमध्ये दिसतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये धावसंख्या काठीवर खाचा पाडून मोजत, म्हणून धावेलाही खाच असेच म्हणत. काठी गेली, वही आली आणि ‘रन’ हा शब्द रुळला. दोन फलंदाज खेळपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले की एक रन. इथवर शब्द आपल्या मूळ अर्थाला धरून आहे. पण चेंडू सीमारेषेला लागला की फलंदाज जागचा हललाही नाही तरी चार रन मिळतात. गोलंदाजाचा पाय रेषेपुढे पडला की कोणीच काही केलेले नसताना एक रन वाढतो. आता रन म्हणजे फक्त मोजमापाचे एकक. मराठीत आपण धाव हा शब्द केला आणि तो याच वाटेने गेला. बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून धावा, धावबाद, अवांतर धावा हे शब्द घराघरांत पोचवले. ‘अवांतर धावा’ या शब्दात कोणीही धावलेले नसते, आणि तरीही कोणा मराठी श्रोत्याला तो कधी खटकला नाही. अनेकार्थता परकी भासत असेल तर या एका शब्दाकडे पाहावे.

बँकेवरचा ‘रन’ हाही असाच. ठेवीदारांचा विश्वास उडाला की सगळे एकाच वेळी आपले पैसे काढायला धावतात, म्हणून तो ‘रन’. जोनाथन स्विफ्टची १७२० सालची एक कविता याच विषयावर आहे आणि तिच्या शीर्षकातच हा शब्द आहे. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी लंडन-डब्लिनच्या वाचकाला तो नव्याने समजावून सांगावा लागत नव्हता. सप्टेंबर २००७मध्ये इंग्लंडात नॉर्दर्न रॉक या बँकेवर असा ‘रन’ झाला. १८६६ सालच्या ओव्हरेंड गर्नी प्रकरणानंतर तिथे असे दृश्य दिसले नव्हते. वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांत मात्र कोणी धावताना दिसत नाही. लोक शाखांबाहेर शांतपणे रांगेत उभे आहेत, काहींनी घरून घडीच्या खुर्च्या आणलेल्या आहेत. पुढे ९ मार्च २०२३ रोजी कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याच्या सूचना ठेवीदारांनी दिल्या. त्यातल्या बहुतेकांनी खुर्ची सोडली नसेल. बोटाने फोनचा पडदा दाबला आणि झाले. दुसऱ्या दिवशी बँक बंद करण्यात आली. माणसे धावायची थांबली, रांगाही गेल्या, पण शब्दाने जागा सोडली नाही. नव्या गोष्टीला नवे नाव शोधण्याऐवजी भाषा जुन्या नावातले पाय काढून घेते आणि नुसती घाई शिल्लक ठेवते.

एकाच भाषेचे दोन देशही या शब्दावर एकमत होत नाहीत. पायमोज्याची वीण उसवून उभी रेघ पडली तर अमेरिकन स्त्री तिला ‘रन’ म्हणते, इंग्रज स्त्री शिडी म्हणते. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार धावतो, इंग्रज उमेदवार उभा राहतो. आणि आपला? आपलाही उभाच राहतो, जमले तर लढतो. ऑस्ट्रेलियात तर मेंढ्या चरायच्या प्रचंड मोकळ्या जमिनीला ‘रन’ म्हणतात. धावणाऱ्या मेंढ्या आणि न हलणारी जमीन, यांतला फरक तिथल्या मेंढपाळाला मिटवून टाकावासा वाटला.

मराठीत ही सगळी कामे एका शब्दाने केली नाहीत, हे खरे; पण बरीचशी कामे चालणे या शब्दाने केली. दुकान चालते, घड्याळ चालते, खटला चालतो, नाणे चालते, नाटक चालते आणि एखाद्याला काही पसंत असेल तर तेही त्याला चालते. इंग्रजीने धावण्यातून जे उभे केले, ते आपण चालण्यातून उभे केले. याला अपवाद आगगाडीचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. तिच्याविषयी लिहिताना आपण आजही पहिली रेल्वे ‘धावली’ असेच लिहितो. विमानतळावर आपण धावपट्टी केली, स्पर्धेत धावपटू केला. ‘रनर-अप’साठी मात्र उपविजेता असा शब्द घेतला, आणि तो मला मूळ शब्दापेक्षा अधिक स्वच्छ वाटतो. काही ठिकाणी आपण शब्द तसाच ठेवला: रन रेट, हिट अँड रन, आणि २०२१च्या जानेवारीत लसीकरणाच्या तयारीत गावोगाव ऐकलेला ‘ड्राय रन’. त्याला रंगीत तालीम हा उत्तम मराठी शब्द होता. तो वापरला असता तर अधिक लोकांना कळले असते, असे माझे मत आहे.

इतके अर्थ असताना ऐकणारा गोंधळत कसा नाही, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी फार आधी विचारला होता. संस्कृतात सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही. जेवताना मालक म्हणाला, सैंधव आण, तर नोकर मीठ आणतो. प्रवासाला निघताना म्हणाला तर घोडा. अमरकोशात अनेक अर्थांच्या शब्दांचा स्वतंत्र नानार्थवर्गच आहे. त्यात एका ‘हरि’ शब्दाचे यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड, बेडूक असे अर्थ सापडतात. आणि भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त शब्दाचा नेमका अर्थ कशाकशाने ठरतो याची यादीच दिली: बरोबरचा शब्द, विरोधी शब्द, प्रकरण, देश, काळ. युरोपात या सगळ्याला ‘पॉलिसेमी’ हे नाव मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकाने १८९७ साली दिले. पुढे जॉर्ज झिप्फ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ साली दाखवले की जो शब्द जास्त वेळा वापरला जातो, त्याचेच अर्थ जास्त असतात. ‘रन’च्या बाबतीत हे उघड दिसते. तो जितक्या हातांतून गेला तितक्या हातांची खूण त्याच्यावर उमटली: खलाशाची, गिरणीवाल्याची, मेंढपाळाची, सराफाची, संगणकवाल्याची.

इथे मला वर्गातल्या इंग्रजीविषयी बोलायचे आहे, कारण गुरुजींनाही ते बोलायला आवडले असते. आपल्याकडे आजही धड्याखाली शब्दार्थ लिहून देतात: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी शब्द. मूल ते पाठ करते. मग ‘रन आउट’ हे क्रिकेटबाहेर भेटते आणि साखर धावत बाहेर गेली असे भाषांतर होते. साखर संपली हे कळायला शब्द पाठ असून उपयोग नाही. ते वाक्य कुठे, कोणी, कशाविषयी म्हटले ते पाहावे लागते. नोकराला मीठ आणायचे की घोडा हे जसे कळले, तसेच हे कळते. आपल्या मुलांच्या कानात ही समज जन्मजात आहे, कारण ती मराठी बोलतात. शिक्षकाने तिच्यावर विश्वास ठेवावा. एका शब्दाला एक अर्थ हा नियम कुठल्याही जिवंत भाषेत नाही, आणि तो नियम मुलांच्या डोक्यात भरणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

ती मराठी बोलतात असे मी म्हणालो. आपल्या भाषेतही ‘रन’च्या तोडीचा एक शब्द आहे: लागणे. मूळ संस्कृत ‘लग्’ या धातूचे, चिकटणे या अर्थाचे. लग्न हा शब्दही त्याच धातूचा. पाहा, चिकटण्यातून काय काय उभे राहिले. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, दृष्ट लागते. दिवा लागतो, आग लागते, दार लागते, दही लागते, झाडाला फळे लागतात. निकाल लागतो, नोकरी लागते, छडा लागतो, वेड लागते, ग्रहण लागते. तो माझा मामा लागतो. भाजी खारट लागते. बोलणे मनाला लागते. सिनेमा लागतो, फोन लागतो. फलाटावर गाडी लागली म्हणजे चढायची घाई करायची, आणि घाटात गाडी लागली म्हणजे खिडकीजवळ बसायचे. याहून पुढे जाऊन या क्रियापदाने स्वतःचा अर्थच टाकून दिला आणि ते व्याकरणाच्या कामाला आले. ‘तो जाऊ लागला’ म्हणजे जाण्याची सुरुवात. ‘त्याला जावे लागले’ म्हणजे जाण्याची सक्ती. आधीच्या क्रियापदाचे एक रूप बदलले की सुरुवातीची सक्ती होते. इंग्रजीच्या ‘रन’नेही एवढी मजल मारलेली नाही.

मग या शब्दाचा इतिहास कुठे लिहिलेला आहे? ‘फोन लागला’ असे मराठीत पहिल्यांदा कोणी लिहिले? मुंबईत टेलिफोन १८८२ साली आला, तेव्हापासूनचे की नंतरचे? ‘सिनेमा लागला’ हे १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर किती वर्षांनी रूढ झाले, की त्याआधी नाटकही लागतच होते? सक्तीचा ‘लागणे’ किती जुना? याची उत्तरे सालानिशी देणारा कोश आपल्यापाशी नाही.

कोशांची परंपरा मात्र आपल्याकडे मोठी आहे. शास्त्रीमंडळींनी केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९मध्ये आला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ साली, म्हणजे ज्या वर्षी लंडनमध्ये ट्रेंचने आपला निबंध वाचला त्याच वर्षी, मुंबईत छापली गेली. तेव्हा आपण मागे नव्हतो. दाते आणि कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात आले आणि पुरवणी १९५०मध्ये. त्यात अनेक शब्दांखाली जुन्या ग्रंथांतली अवतरणे आहेत, पण प्रत्येक अर्थाला साल आणि काळाच्या क्रमाने मांडणी अशी ती रचना नाही. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांनी १९९९ साली प्राचीन मराठीचा कोश दिला. तो अमोल आहे, पण तो जुन्या काळापुरता. आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी ऑक्सफर्डच्याच धर्तीवर संस्कृतचा ऐतिहासिक कोश सुरू केला. तिथल्या खोलीलाही ‘स्क्रिप्टोरियम’च म्हणतात, पोलादी कपाटांत सुमारे एक कोटी चिठ्ठ्या आहेत, तीसहून अधिक खंड निघाले आहेत आणि अजून ‘अ’ हे अक्षर संपलेले नाही. जे संस्कृतसाठी पुण्यात होऊ शकले ते मराठीसाठी होऊ शकणार नाही, असे मी मानत नाही. अडचण विद्वत्तेची नाही. साक्षी गोळा करणारी माणसे हवी आहेत, आणि ऑक्सफर्डचा अनुभव सांगतो की ही माणसे विद्यापीठाबाहेरची असतात.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. या गावच्या वाचनालयात जुनी पुस्तके, दिवाळी अंक, नाटके, पत्रसंग्रह आहेत. त्यांतले एखादे घरी न्या. वाचताना ‘लागणे’ जिथे जिथे भेटेल तिथे ते वाक्य एका चिठ्ठीवर उतरवा आणि खाली लेखक, पुस्तक, छापल्याचे साल आणि पान लिहा. साल नसेल तर ती चिठ्ठी कामाची नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी वाचनालयाकडून एक कपाट मागून घ्यावे आणि पुढच्या वर्षी या मंचावर कोणी व्याख्यान देण्याआधी त्या कपाटात किती चिठ्ठ्या जमल्या ते सांगावे. पहिल्या शंभर चिठ्ठ्या लिहायला मी तयार आहे. बाकीच्या आपण लिहा.